पाणी त्याचं, खोटं माझं

प्रिय,

परवा गावदेवी मैदानापाशी विचारलंस, "काका, मी सुधारलो म्हणून दोन देशांतलं वैर मिटणारे का?" रिक्षांच्या गोंगाटात उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहितो.

आयरीन लॉर ही फ्रेंच समाजवादी बाई. नाझींविरुद्धच्या लढ्यात होती, तिच्या मुलाचा गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, छळ केला होता. 1947 मध्ये ती स्वित्झर्लंडमधल्या को गावी फ्रँक बुकमनच्या परिषदेला गेली. बुकमन म्हणजे माणूस आतून बदलला तर जग बदलेल असं सांगणारा अमेरिकन धर्मोपदेशक. तिथे जर्मन दिसताच परत निघाली. बुकमनने विचारलं, जर्मनांना वगळून युरोप कसा उभारणार? ती खोलीत तळमळत राहिली. मग व्यासपीठावर जाऊन तिने जर्मनांची माफी मागितली, स्वतःच्या द्वेषाबद्दल. त्यांचे गुन्हे तिने पुसले नाहीत हं, हे नीट लक्षात घे.

1951 मध्ये फ्रान्स, पश्चिम जर्मनी आणि आणखी चार देशांनी कोळसा-पोलादाचा करार केला. तो त्या माफीमुळेच झाला असं कुणी सांगितलं तर मान डोलावू नकोस. त्यात व्यापाराचा हिशेब होता, रशियाची धास्ती होती. पण कालच्या शत्रूशेजारी खुर्ची ओढून बसायलाही माणसं लागतात, ती करारातून तयार होत नाहीत.

आता माझं. नौपाड्यातल्या आमच्या घरी वरच्यांच्या मोरीचं पाणी झिरपायचं. छताला ओलीचा डाग, सहा वर्षं अबोला. रागाच्या भरात मी त्यांच्याविरुद्ध बेकायदा बांधकामाची तक्रार केली. धादांत खोटी. पाणी त्यांचं होतं, पण खोटं माझं. एका संध्याकाळी वर गेलो. त्यांनी साखळी न काढताच दार किलकिलं केलं. तक्रार खोटी होती म्हणालो; गळतीचा शब्दही काढला नाही (जीभ वळवळत होती!). ते "बरं" म्हणाले आणि दार लावलं. चार महिने डाग वाढतच होता. मग एका रविवारी तेच प्लंबरला घेऊन खाली आले, "छत दाखवा" म्हणत.

तू सीमेपलीकडच्यांबद्दल ग्रुपवर जे पुढे ढकलतोस, त्यातलं खोटं किती हे तुला ठाऊक असतं. सैन्य ठेवू नये असं मी म्हणत नाही. तेवढं खोटं मात्र तुझं आहे, ते ग्रुपवरच कबूल कर. टोमणे बसतील.

रविवारी सातला तलावपाळीवर ये. काय झालं ते सांग.

तुझा,
काका