मोठ्या टाकीवर छतातून उजेड : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

माशांच्या टाकीच्या काठावर ठेवायच्या दिव्यांच्या पट्ट्या काढून छताला ट्रॅक (दिवे अडकवायचा, वीज वाहून नेणारा लांब रूळ) लावावा का, असे विचारणारी पत्रे ठाणे आणि नवी मुंबईतून बरीच आली. पाच फुटांपेक्षा मोठ्या टाक्यांबद्दलची पत्रे निवडून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : टाकी ६ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. स्टॅण्ड अडीच फुटांचा, छत ९ फुटांवर. साफसफाईच्या वेळी दर वेळी एलईडी पट्ट्या उचलाव्या लागतात आणि मागच्या महिन्यात एक पट्टी पाण्यात पडली. कपड्यांच्या दुकानात असतो तसा ट्रॅक लावला तर किती दिवे लागतील, किती वॅटचे? टाकीत अनुबियास, जावा फर्न आणि क्रिप्टोकोरीन आहेत.
– घोडबंदर रस्ता, ठाणे

उत्तर : लावता येईल, आणि या रोपांना तो पुरेलही. पण दुकानदार पहिल्यांदा वॅट विचारतो, तुम्ही पहिल्यांदा झोताचा कोन विचारा. दिवा टाकीच्या काठावर असतो तेव्हा उजेड कुठेही पसरला तरी बहुतेक पाण्यातच जातो. छतावरून तो चार फूट खाली यायचा असतो, आणि तेवढ्या प्रवासात चुकीच्या कोनाचा दिवा अर्धा उजेड जमिनीवर आणि सोफ्यावर सांडतो.

तुमचा हिशेब असा. ९ फुटांतून स्टॅण्ड आणि टाकी मिळून साडेचार फूट वजा केले की काठापासून छत साडेचार फूट राहते. ट्रॅकमधला दिवा साधारण सहा इंच खाली लोंबतो. म्हणजे भिंगापासून पाण्यापर्यंत ४ फूट. या अंतराला १५ अंशांच्या दिव्यासाठी ०.२६ ने, २४ अंशांसाठी ०.४३ ने, ३६ अंशांसाठी ०.६५ ने आणि ६० अंशांसाठी १.१५ ने गुणा. पाण्यावर पडणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळेल. १५ अंशांचे वर्तुळ जेमतेम १ फुटाचे, २४ अंशांचे सुमारे २० इंचांचे, ३६ अंशांचे ३१ इंचांचे आणि ६० अंशांचे साडेचार फुटांहून मोठे. तुमची टाकी २४ इंच रुंद आहे. म्हणून २४ अंशांचाच दिवा घ्या. वर्तुळाच्या कडेला उजेड मधल्यापेक्षा निम्मा असतो आणि त्याच्याही बाहेर थोडा पसरतो, त्यामुळे कडा काळोख्या राहत नाहीत.

पाण्यात शिरलेला झोत तळापर्यंत आणखी रुंद होतो, तो काचेतून बाहेर जाईल का, अशी शंका येईल. जात नाही. वरून आलेला किरण पाण्यात शिरताना आत वळतो आणि बाजूच्या काचेवर इतका तिरका आदळतो की पूर्ण परावर्तित होऊन पुन्हा पाण्यातच येतो. म्हणून काळजी करायची ती फक्त काठाबाहेर पडणाऱ्या उजेडाची.

७२ इंचांच्या लांबीत २० इंचांची वर्तुळे बसवायची तर चार दिवे लागतात. टाकीच्या एका टोकापासून ९, २७, ४५ आणि ६३ इंचांवर ते लावा. तीन दिव्यांत मधे दोन काळोखे पट्टे राहतात, आणि नेमकी तिथली क्रिप्टोकोरीन उंच वाढून पातळ होतात. दिवा ३० वॅटचा घ्या. वॅटमागे १०० ल्युमेन (उजेडाचे माप) धरले तर चार दिव्यांचे १२,००० होतात. त्यातला एक तृतीयांश बाहेर गेला असे समजा. उरलेले ८,००० ल्युमेन सुमारे ५५० लिटर पाण्यावर, म्हणजे लिटरमागे १४-१५. तुमच्या तिन्ही रोपांना तेवढा उजेड ठीक आहे. जमिनीवर पसरणारी गालिच्यासारखी रोपे लावायची असतील तर लिटरमागे ४० च्या पुढे जावे लागते. ते छतावरून करू नका, वीज वाया जाईल.

रंगाबद्दल आमचे मत स्पष्ट आहे. बाजारात ३००० केल्विनचे पिवळसर दिवे सहज मिळतात, त्यात पाणी चहासारखे दिसते. ६५०० केल्विनचे पांढरे दिवेही मिळतात, पण त्यांतले बरेचसे रंग फिके दाखवतात. ४००० किंवा ५००० केल्विनचा, ज्याच्या खोक्यावर सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचे माप) ९० किंवा अधिक लिहिले आहे, तो घ्या. लाल आणि नारिंगी माशांचा खरा रंग त्यातच उठतो. ठाण्यात नेमका हा दिवा नाही मिळाला तर मुंबईत लोहार चाळीत विजेच्या सामानाच्या घाऊकवाल्यांकडे सीआरआय आणि कोन दोन्ही सांगून मागा.

छताला भोक पाडण्याआधी एकच दिवा आणा. रात्री खोलीतले बाकी दिवे बंद करा, टाकीवर वर्तमानपत्रे पसरा, घोड्यावर (घडीच्या शिडीवर) चढून तो दिवा छताच्या उंचीवर धरा आणि खाली दुसऱ्याला वर्तुळाची कड पेनने आखायला सांगा. ती काठाच्या आत बसली तर उरलेले तीन आणा. या अर्ध्या तासात पुढची सगळी डोकेदुखी वाचते.

ट्रॅक टाकीच्या अगदी मध्यरेषेवर लावला तर माशांची पाठ उजळते आणि आपल्याकडची बाजू काळी राहते. टाकी भिंतीपासून ३ इंच असेल तर मध्यरेषा १५ इंचांवर येते. ट्रॅक १८ इंचांवर घ्या आणि दिवे किंचित मागे झुकवा. पुढच्या काचेच्या रेषेबाहेर मात्र येऊ नका, नाहीतर उजेड काचेवर बाहेरून पडेल.

वरची काच काढून टाका. तिच्या खालच्या बाजूला थेंब आणि शेवाळ जमते आणि उजेड खाते. उडी मारणारे मासे असतील तर पारदर्शक नायलॉनची जाळी चौकटीत ताणून ठेवा. काच गेली की पाण्याच्या हलत्या पृष्ठभागामुळे वाळूवर उजेडाची जाळी सरकताना दिसते. लांब पट्टीतून ती कधीच नीट दिसत नाही, कारण तिला बिंदूसारखा दिवा लागतो. छतावरच्या ट्रॅकचे खरे सुख तेच आहे.

टायमरवर सुरुवातीला सहा तास, महिन्याभराने शेवाळ नसेल तर सात. १२० वॅट सात तास म्हणजे महिन्याला सुमारे २५ युनिट.

प्रश्न : ट्रॅक लावल्यापासून मासे कोपऱ्यात दबून बसतात. टाकीत उजेड लपलपतो. हॉलच्या मध्यावर आधीच वायरचा पॉइंट होता, म्हणून ट्रॅक तिथेच लावला आणि दिवे टाकीकडे वळवले. दिवे खराब निघाले का?
– खारघर

उत्तर : आधी पंखा बंद करून बघा. लपलपणे थांबले तर दिवे चांगले आहेत, जागा चुकली आहे. छताच्या पंख्याची पाती छतापासून साधारण फूटभर खाली फिरतात आणि मध्यापासून दोन फूट पसरतात. हॉलच्या मधून तिरका सोडलेला झोत नेमका त्या वर्तुळातून जातो. तीन पात्यांचा पंखा मिनिटाला ३०० फेऱ्या घेत असेल तर सेकंदाला १५ वेळा सावली पडते. वरून सरकणारी सावली म्हणजे माशासाठी पक्षी. तो दिवसभर लपून राहतो, खाणे सोडतो.

उपाय एकच : ट्रॅक टाकीच्या डोक्यावर न्या. मधल्या पॉइंटपासून केसिंग-पट्टीतून वायर ओढता येते. १० फूट रुंद हॉलमध्ये मधल्या पंख्याचे टोक भिंतीपासून तीन फुटांवर येते आणि ट्रॅक दीड फुटावर, त्यामुळे दोघांची गाठ पडत नाही.

पंखा बंद करूनही लपलपत असेल तर रेग्युलेटर बघा. ट्रॅक जुन्या पंख्याच्या रेग्युलेटरवर किंवा साध्या डिमरवर जोडलेला असेल तर ड्रायव्हर (एलईडीला हवी तशी वीज पुरवणारा दिव्यातला भाग) नीट चालत नाही आणि लवकर जळतो. साध्या स्विचवर आणा. उजेड कमी हवा असेल तर एक दिवा काढा, किंवा डिमिंगचा ड्रायव्हर असलेला दिवा आणि त्याच जातीचा डिमर एकत्र घ्या.

आणखी एक. माशांना पापण्या नसतात, बहुतेकांची बाहुलीही आकुंचत नाही. काळोखात एकदम १२० वॅट लावले तर मासा काचेवर आपटतो. खोलीची ट्यूब आधी लावा, पंधरा-वीस मिनिटांनी ट्रॅक. रात्री उलट क्रमाने बंद करा.

प्रश्न : जिप्समचे फॉल्स सीलिंग आहे. वायरमन म्हणतो, थेट बोर्डात स्क्रू मारतो. चालेल का? आणि पाण्यावर २३० व्होल्टचा ट्रॅक धोक्याचा नाही का?
– वाशी

उत्तर : थेट बोर्डात नको. साडेबारा मिलिमीटरचा जिप्सम बोर्ड स्क्रू धरून ठेवत नाही. दमट हवेत भुगा होतो आणि दिवा हलवताना, बदलताना पडणाऱ्या हिसक्याने भोक मोठे होते. खाली पाणी आहे हे विसरू नका. स्क्रू लोखंडी चॅनेलमध्ये जायला हवेत. चॅनेल जुळत नसेल तर बोर्डाच्या वर प्लायची पट्टी टाकून ती स्लॅबला तारेने किंवा रॉडने बांधून घ्या. दोन मीटरच्या ट्रॅकला निदान चार ठिकाणी पकड हवी. स्लॅबला थेट लावत असाल तर पंख्याच्या डब्यापासून स्विचबोर्डाच्या भिंतीकडे जाणाऱ्या सरळ रेषेत भोक पाडू नका, वायरचा पाइप बहुधा त्याच वाटेने गेलेला असतो.

विजेचे म्हणाल तर पाण्यापासून चार फूट उंचीवरचा, नीट बांधलेला ट्रॅक हा काठावर टेकवलेल्या पट्टीपेक्षा सुरक्षित आहे. मात्र तीन गोष्टींत तडजोड नको. दोन तारांचा स्वस्त ट्रॅक न घेता अर्थिंगची तिसरी तार असलेला घ्या आणि ती तार खरोखर जोडली आहे हे टेस्टरवर न भागवता मीटरने तपासून घ्या. सर्किटवर ३० मिलिॲम्पियरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, फिल्टर आणि हीटरही त्याच्याच संरक्षणाखाली घ्या. आणि ट्रॅकच्या उघड्या टोकाला एंड कॅप लावा, झुरळे आणि पाली आत शिरतात.

हे दिवे आयपी २० दर्जाचे असतात, म्हणजे पाण्यापासून शून्य संरक्षण. टाकीत पाणी भरताना पाइपाचा फवारा वर उडू देऊ नका. पावसाळ्यात संपर्काच्या तांब्यावर हिरवट थर येतो आणि एखादा दिवा मधेच जातो-येतो. दरवर्षी जूनच्या आधी एमसीबी पाडून दिवे उतरवा, संपर्क कोरड्या फडक्याने पुसा. दिवा चालू ट्रॅकमधून कधी काढू नका, ठिणगी उडून संपर्क जळतो.

प्रश्न : दोन महिन्यांत वाळूवर झोताखाली बरोबर गोल हिरवे डाग आले आहेत, बाकी तळ स्वच्छ आहे. शिवाय सोफ्यावर बसले की दिवा डोळ्यात जातो.
– नेरूळ

उत्तर : तुमचे दिवे १५ अंशांचे असणार. उजेड एका जागी साचतो आणि शेवाळ तिथेच धरते. बऱ्याच दिव्यांचे भिंग बदलता येते, २४ किंवा ३६ अंशांचे मागवा. तोवर वेळ पाच तासांवर आणा आणि डाग असलेला वाळूचा थर पाणी बदलताना सायफनने ओढून घ्या. डोळ्यात जाणाऱ्या उजेडासाठी दिव्याच्या तोंडावर मधाच्या पोळ्यासारखी काळी जाळी मिळते, ती बसवा. थोडा उजेड कमी होतो, पण ज्या टाकीसमोर बसवत नाही ती टाकी ठेवून उपयोग काय?

प्रश्न : समुद्री टाकी आहे. ट्रॅकवर प्रवाळ वाढतील का?
– ऐरोली

उत्तर : नाही. प्रवाळात राहणाऱ्या शैवालाला ४०० ते ५०० नॅनोमीटरचा निळा उजेड भरपूर लागतो, घरगुती पांढऱ्या दिव्यात तो पुरेसा नसतो. शिवाय रीफ बांधणारे कठीण प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विक्रेता काहीही म्हणो, ते घेऊ नका. फक्त मासे आणि कोरडे दगड असतील तर दोन दिवे पुरतात. मीठ वाफेबरोबर वर जात नाही, पण हवेचे बुडबुडे फुटताना उडणाऱ्या तुषारांतून आसपास बसते. म्हणून दगडी एअरस्टोन काढा, पंपाने पाणी हलवा आणि ट्रॅक दर तीन महिन्यांनी, वीज बंद करून, पुसा.

प्रश्न : पाचव्या मजल्यावर सहा फुटांची टाकी घेतो आहोत. दिव्यांचे ठरले. आणखी काही?
– कोपरखैरणे

उत्तर : दिव्यांआधी वजन. ६ × २ × २ फुटांची टाकी पाणी, १२ मिलिमीटरची काच, वाळू आणि स्टॅण्ड धरून साडेआठशे किलोंच्या आसपास जाते, आणि ते सगळे १२ चौरस फुटांवर येते. घरातल्या खोल्यांचा स्लॅब चौरस मीटरला साधारण २०० किलो भार धरून आखतात. तो सरासरी भार आहे हे खरे, तरीही टाकी खोलीच्या मध्यावर न ठेवता बीमवर, भिंतीलगत ठेवा आणि आधी स्ट्रक्चरल इंजिनियरला इमारतीचा नकाशा दाखवा. इमारत जुनी असेल किंवा खालच्या घराच्या छताला तडे, ओल असेल तर चार फुटांची टाकी घ्या. तिला २४ अंशांचे तीन दिवे पुरतील.