दुबईत व्हिजिट व्हिसावर काम केलं तर खरंच पकडतात का?

पकडतात. दरवेळी नाही, पण पकडतात. दंड, अटक, हद्दपारी, प्रवेशबंदी, हे सगळं तुम्ही ऐकलं असणारच. मी लिहितोय ते तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यामुळे: 'एजंट म्हणतो, व्हिजिटवर जा, कामाला लाग, महिन्याभरात तिथेच व्हिसा बदलून देतात.' हेच वाक्य खेडला माझ्या ताईच्या ओटीवर बसून एकाने म्हटलं होतं आणि भावोजींनी त्याला ऐंशी हजार मोजून दिले होते.

मी तेव्हा दुबईत एका कंत्राटदाराकडे कामगारांचे व्हिसा, मेडिकल, लेबर कार्ड (म्हणजे तिथला कामाचा सरकारी परवाना) हेच कागद बघायचो. फोनवर भावोजींना म्हटलं, त्याच्याकडे ऑफर लेटर मागा. ते म्हणाले, "आम्ही गेलो तेव्हा कागद बघत बसलो असतो तर हे घर उभं राहिलं नसतं." विषय संपला. भाचा साठ दिवसांच्या व्हिजिटवर आला आणि अल कूझमधल्या एका ॲल्युमिनियम वर्कशॉपमध्ये लागला. पहिला पगार अर्धाच, तोही रोख. दुसरा 'व्हिसाच्या खर्चात' कापला. (हा खर्च कामगाराकडून वसूल करायला तिथल्या कायद्यात मनाई आहे. पण सांगतो कोणाला?) व्हिजिट संपली तरी व्हिसा प्रोसेसमध्येच. मग एका संध्याकाळी कटिंग मशीनमध्ये उजव्या हाताची दोन बोटं गेली. फोरमनने त्याला हॉस्पिटलच्या दारात उतरवलं आणि बजावलं, रूमवर पडलो म्हणून सांग.

मी वर्कशॉपवर गेलो. मालक म्हणाला, "कोण पोरगा? आमच्या यादीत असं नावच नाही." आणि यादीत नव्हतंच ते.

बिनपरवाना माणूस ठेवला तर तिथे मालकालाही दंड होतो. २०२४च्या ऑगस्टपासून तो १ लाख ते १० लाख दिरहम आहे. तुम्हाला वाटेल, मग मालक टरकून असेल. असतो ना, म्हणून तर तो तुम्हाला ओळखतच नाही. लेबर कार्डवाल्याला कामावर इजा झाली तर उपचाराचा खर्च मालकाचा, वर उपचार चालू असेपर्यंत, जास्तीत जास्त सहा महिने, पूर्ण पगार. भाच्याला यातलं काहीच नाही. एमिरेट्स आयडी, म्हणजे तिथल्या रहिवाशाचं ओळखपत्र, नाही म्हणून विमा नाही. पगार रोखीत, म्हणून काम केल्याचा पुरावा नाही. तक्रार करायची तर पहिल्या वाक्यात स्वतःचाच गुन्हा कबूल करायचा. शिवाय मुदत उलटल्याचा दंड दिवसाला ५० दिरहम, तो चालूच.

१ सप्टेंबर २०२४पासून तिथल्या सरकारने मुदत उलटून राहिलेल्यांसाठी माफी सुरू केली, ती पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. अल अवीरला माफीसाठी उभारलेल्या तंबूत रांग लावून भाच्याची एक्झिट, म्हणजे देश सोडायची परवानगी, घेतली. दंड माफ, प्रवेशबंदीही नाही.

आणि इथेच भावोजींचं फावलं. आजही लग्नाकार्यात चारचौघांत म्हणतात, "बघ, काय झालं? एक दिरहम भरावा लागला नाही!" भावोजी, अशी माफी काही दरवर्षी येत नाही. ती येईपर्यंत दडून बसायचं का माणसाने? आणि बोटं कुठल्या माफीत परत येतात? दुसरं त्यांचं म्हणणं असं की मी ऑफिसात होतो, तर त्याचं लेबर कार्ड मीच काढून द्यायला हवं होतं. लेबर कार्ड म्हणजे रेशनकार्ड नव्हे, ओळखीवर निघत नाही. जी कंपनी ठेवणार, तिनेच ते काढायचं.

आता तुमचा एजंट. त्याला व्हिजिटच का आवडतो ते सांगतो. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे आखातासारख्या ठिकाणी नोकरीला जाण्याआधी आपल्या सरकारची मंजुरी लागते. तो एम्प्लॉयमेंट व्हिसावर निघाला की ई-मायग्रेट या भारत सरकारच्या वेबसाइटवर करार तपासला जातो, आणि १० लाखांचा प्रवासी भारतीय विमा काढावाच लागतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. 'फिरायला' निघालेल्याला यातलं काही लागत नाही. शिवाय परवानाधारक एजंटला ३० हजार आणि त्यावरचा जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. तुमच्याकडे किती मागितले ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण अंदाज आहे. त्याचा परवाना नंबर मागा आणि ई-मायग्रेटच्या यादीत स्वतः शोधा. विनापरवाना भरती हा १९८३च्या उत्प्रवास कायद्याखाली गुन्हा आहे.

हो, एक राहिलं. व्हिजिटवर जाऊन नोकरी शोधणं, इंटरव्ह्यू देणं यात काही गैर नाही. नोकरी शोधणाऱ्यांसाठी वेगळा व्हिजिट व्हिसाही आहे, मात्र तो पदवीधरांसाठी. देश न सोडता व्हिसा बदलून मिळतो, तेवढं तुमचा एजंट खरं बोलतोय. फक्त वर्क परमिट हातात पडेपर्यंत 'ट्रायल' म्हणूनही हत्याराला हात लावायचा नाही. हे सगळं यूएईचं आहे, सौदी किंवा ओमानला असंच धरून चालू नका. आणि कोणी थायलंडच्या टुरिस्ट व्हिसावर 'डेटा एंट्री'चं काम सांगितलं तर फोन ठेवून द्या. तिथून पोरांना म्यानमारच्या सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेतात.

धाकट्या भाच्यासाठी भावोजींनी परत त्याच एजंटला फोन केल्याचं ताईकडून कळलंय. हे उत्तर त्यांनाही पाठवतोय.