डावा दंड रात्रभर ठणकतो, एक्स-रे मात्र नॉर्मल: काय करावं?

तुम्ही लिहिलंय की वय ४८, डावा दंड दोन-अडीच महिन्यांपासून दुखतोय, कुठे पडलेला-आपटलेला नाहीत, एक्स-रे नॉर्मल आला. दिवसा कामाच्या रगाड्यात निभावून जातं, ब्लाऊज घालताना हात मागे नेला की जीव जातो, आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकली की कळा सुरू होतात. गोळ्या संपल्या की पुन्हा तेच. शेवटी विचारलंय, डावा हात आहे, हृदयाचं तर नसेल?

त्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण ती शंका मनात असेपर्यंत पुढचं काही डोक्यात शिरणार नाही. हृदयाकडून हातात उतरणारी कळ हात हलवल्याने सहसा कमी-जास्त होत नाही. ती जिना चढताना, भरभर चालताना येते आणि थांबलं की काही मिनिटांत ओसरते. किंवा बसल्या जागी अचानक येते आणि सोबत छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ, जबड्यात दुखणं असलं काही आणते. तुमचं दुखणं हात मागे नेला की वाढतं, म्हणजे ते सांध्याकडे बोट दाखवतंय. तरी एक ईसीजी काढून घ्या. बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये हृदयाचा त्रास छातीत न दुखताही होऊ शकतो, त्यामुळे तपासलेलं बरं. आणि वर सांगितलेल्यापैकी काही अचानक झालं, तर सकाळ व्हायची वाट न बघता १०८ ला फोन करा.

मी डॉक्टर नाही. नाशिकला शाळेत शिकवते, मधुमेह आहे, आणि हेच दुखणं उजव्या हाताला भोगलंय. फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येईना इथपर्यंत मजल गेली होती. त्या काळात डॉक्टरांकडून आणि फिजिओथेरपिस्ट ताईंकडून जे शिकले, त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं हे: दुखतो दंड, पण बहुतेक वेळा बिघाड असतो खांद्यात.

कुठे दुखतं असं विचारलं तर तुम्ही बहुधा खांद्यापासून चार-पाच बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला तळवा ठेवाल. तिथे दाबलं तर मात्र फारसं दुखत नाही. खांद्याच्या सांध्याची संवेदना ज्या मज्जातंतूंतून मेंदूकडे जाते, त्यांची मुळं मानेत आहेत, आणि दंडाच्या बाहेरच्या कातडीचे तंतूही त्याच मुळांतून निघतात. मेंदूला निरोप मिळतो, पण तो नेमका कुठून आला हे कळत नाही आणि दुखणं दंडावर उमटतं. म्हणून दंडाला कितीही तेल चोळलं, बाम लावला, तरी तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि रात्री पुन्हा ठणका.

१९३४ साली बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे आखडलेला खांदा, हे नाव दिलं, तेव्हा त्यांनी दिलेल्या खुणा अशा होत्या: हळूहळू सुरू होणारं दुखणं, दंडाच्या त्याच जागी कळ, त्या कुशीवर झोपता न येणं, हात वर आणि बाहेर वळवता न येणं, आणि एक्स-रे नॉर्मल. तुमचा प्रश्न वाचताना मला हेच आठवलं. नव्वद वर्षांपूर्वीच्या खुणा आणि तुमच्या ओळी जवळपास एकच आहेत.

घरच्या घरी एक गोष्ट करून बघा. आरशासमोर ताठ बसा, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवा, हात काटकोनात वाकवून पुढे करा. आता कोपरं न सोडता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. उजवा सहज उघडेल. डावा अडतो का बघा. मग घरातल्या कुणाला तरी तुमचं डावं मनगट धरून हळूच, अगदी हळूच, तसंच बाहेर वळवायला सांगा. तुम्ही वळवा की दुसऱ्याने वळवावं, हात एकाच ठिकाणी येऊन थांबत असेल, तर फ्रोझन शोल्डरची शक्यता बळावते. दुसऱ्याच्या मदतीने हात व्यवस्थित फिरतो पण स्वतःच्या जोरावर उचलत नाही, असं असेल तर खांद्याभोवतीच्या स्नायूबंधांना सूज किंवा चीर असू शकते. ते दुखणंही रात्रीच छळतं. आणि खांदा चारी बाजूंना मोकळा फिरतोय, पण मान वळवली की कळ दंडातून खाली अंगठ्यापर्यंत जाते, मुंग्या येतात, हात डोक्यावर ठेवला की बरं वाटतं, तर मानेतली नस दबलेली असण्याची शक्यता जास्त. यावरून निदान होत नाही, ते डॉक्टरच करतील. पण ‘हात दुखतो’ एवढंच सांगण्यापेक्षा ‘हात बाहेर वळत नाही’ असं सांगितलंत, तर तपासणी योग्य दिशेने जाते.

एक्स-रे नॉर्मल आहे म्हणून घरात कुणी ‘काही नाहीये’ म्हणत असेल, तर त्यांना हे सांगा. एक्स-रेमध्ये हाडं दिसतात. खांद्याच्या सांध्याभोवती एक मऊ आवरण असतं. फ्रोझन शोल्डरमध्ये त्याला सूज येते आणि मग ते पहिल्या धुण्यात आटलेल्या कापडी पिशवीसारखं आखडतं. ते एक्स-रेत दिसत नाही. तरी तुम्ही तो काढलात हे चांगलंच झालं, कारण सांध्याची झीज, स्नायूबंधात साठलेलं कॅल्शियम, हाडातली एखादी गाठ यांचा अंदाज त्यातून येतो.

एक तपासणी मात्र लगेच करा: रक्तातली साखर, तीही एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या साखरेची सरासरी सांगणारी. सर्वसाधारणपणे शंभरातल्या दोन ते पाच जणांना फ्रोझन शोल्डर होतो असं म्हणतात; मधुमेह असलेल्यांमध्ये हे प्रमाण कितीतरी पट जास्त आहे. वय चाळीस ते साठ, त्यातही बायका जास्त. काहींना आपल्याला मधुमेह आहे हे या खांद्यामुळेच पहिल्यांदा कळतं. एचबीए१सी ६.५ टक्के किंवा त्याच्या वर आलं, तर मधुमेहाच्या उपचाराची सुरुवातही इथूनच होईल. थायरॉइडही बघून घ्या, त्याचाही संबंध आढळतो. एमआरआय लगेच करायची गरज सहसा पडत नाही.

आता रात्र. खरं सांगते, या दुखण्यात माणूस खचतो तो दुखण्यामुळे कमी आणि जागरणामुळे जास्त. म्हणून आधी झोपेची सोय लावा.

रात्रीच का वाढतं याचं एकच कारण नाही. दिवसा हात लटकता असतो, थोडी हालचाल चालू असते. पाठीवर झोपलं की दंड मागे गादीत रुततो आणि खांद्याच्या पुढच्या भागावर ताण येतो. कुशीवर झोपलं की सगळं वजन सांध्यावर. शिवाय सूज आवरणारं शरीरातलं कॉर्टिसोल रात्री सगळ्यात कमी असतं, आणि लक्ष दुसरीकडे नेणारं काही नसतं.

पाठीवर झोपत असाल तर डाव्या दंडाखाली, खांद्यापासून कोपरापर्यंत, घडी घातलेली चादर किंवा पातळ उशी ठेवा. कोपर खांद्यापेक्षा खाली जाता कामा नये, एवढं एकच लक्षात ठेवा. पंजा पोटावर, त्याखाली हवी तर आणखी एक छोटी उशी. मला या एका गोष्टीने जितका आराम पडला तितका कुठल्याच मलमाने पडला नाही. उजव्या कुशीवर झोपायचं असेल तर पोटाशी लोड किंवा जाड उशी घ्या आणि डावा हात तिच्यावर टाका, म्हणजे तो छातीवरून खाली घसरत नाही. पाठीशी दुसरी उशी लावलीत तर झोपेत नकळत डावीकडे वळणं टळतं. फारच वाईट रात्र असेल तर पाठीला तक्क्या लावून अर्धवट बसून झोपा, किंवा आरामखुर्चीत. त्यात संकोच कसला, झोप लागणं महत्त्वाचं.

झोपण्याआधी पंधरा-वीस मिनिटं खांद्याला शेक घ्या, दंडाला नव्हे. गरम पाण्याची पिशवी टॉवेलमध्ये गुंडाळा आणि ती घेऊन झोपी जाऊ नका. मधुमेहात चटका लवकर कळत नाही. शेकाने उलट ठणका वाढतोय असं वाटलं तर कपड्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं लावून बघा. सुरुवातीच्या सुजेत काहींना थंडच मानवतं. वेदनाशामक गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना मुद्दाम विचारा, म्हणजे तिचा जोर रात्री मिळेल अशी वेळ ते ठरवून देतील. दुकानातून स्वतःहून आणून महिनोन्‌महिने त्या गोळ्या खाऊ नका. मूत्रपिंड, जठर, रक्तदाब या तिघांवरही त्यांचा भार पडतो.

दोन-तीन वाजता जाग आलीच तर दात-ओठ खात पडून राहू नका. उठून बसा, हात मांडीवरच्या उशीवर ठेवा, किंवा उजवा हात टेबलावर टेकून पुढे वाका आणि डावा हात सैल सोडून हलके झोके द्या. हा पेंडुलमचा व्यायामही त्याच कॉडमनचा. जोर लावायचा नाही, हात आपल्या वजनाने हलला पाहिजे.

कपड्यांचंही बघा. बाही घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. पुढून हुक असलेले ब्लाऊज, पुढून बटणं असलेला गाऊन. वेणी दुसऱ्या कुणाला तरी घालू दे.

आणि ताई, घरच्यांना स्पष्ट सांगा. हाताला प्लास्टर नसतं, सूज दिसत नाही, त्यामुळे लोकांना हे दुखणं खरंच वाटत नाही. कणीक मळणं जमतं मग फळीवरचा डबा काढायला काय होतं, असं सहज बोलून जातात. जमतं ते कोपर अंगाशी असल्यामुळे, आणि जमत नाही ते खांदा उघडावा लागतो म्हणून. हे एकदा नवऱ्याला, मुलांना बसवून समजवा. वरच्या फळीवरचं सामान खाली आणा, पिशव्या उजव्या हातात किंवा दुसऱ्याच्या हातात. यात लाड नाहीत, हा उपचाराचाच भाग आहे.

व्यायाम करायचाच, पण या दुखऱ्या काळात हळुवार. पेंडुलम, दोन्ही हातांत आडवी काठी धरून, कोपरं अंगाशी ठेवून, उजव्या हाताने काठी ढकलत डावा पंजा बाहेर वळवणं, भिंतीवर बोटं चालवत हात वर नेणं. पद्धत फिजिओथेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकून घ्या. व्यायामानंतर थोडं दुखून ते लवकर निवळलं तर ठीक. त्या रात्री ठणका वाढला तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करा. हात गळ्यात बांधून दिवसभर गप्प ठेवू नका, त्याने आखडणं वाढतं. आणि झटका देऊन हात मोकळा करून देतो, नस बसवून देतो म्हणणाऱ्यांच्या हाती खांदा देऊ नका. सुजलेल्या आवरणाला हिसका बसला की दुखणं चिघळतं, आणि हाडं ठिसूळ असतील तर ती मोडूही शकतात.

इंजेक्शनचं नाव काढलं की आपल्याकडे घाबरतात. सांध्यात दिलेलं स्टिरॉइडचं इंजेक्शन दुखण्याच्या सुरुवातीच्या काळात चांगला उपयोगी पडतं. काही आठवडे ठणका कमी होतो, झोप लागते आणि व्यायाम करता येतो. मधुमेह असेल तर त्यानंतर काही दिवस साखर वाढते, ती मोजत राहायची आणि डॉक्टरांना कळवायची. मी ते घेतलं आणि मला उपयोग झाला. ऑपरेशनची घाई मात्र करू नका. ब्रिटनमध्ये ५०३ रुग्णांवर झालेली एक मोठी चाचणी २०२० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात इंजेक्शनसह फिजिओथेरपी, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीची शस्त्रक्रिया या तिन्हींची तुलना केली होती. वर्षभरानंतर कुठलाही एक उपाय ठळकपणे सरस ठरला नाही.

वेळ लागतो, हे आधीच सांगून ठेवते. आधी दुखण्याचे महिने, मग दुखणं कमी पण हात अडकलेला, मग हळूहळू मोकळा होणं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं जाऊ शकतात. पण रात्रीचा ठणका इतका काळ राहत नाही, तो सहसा पहिल्या टप्प्यातलाच. बहुतेकांचा हात कामापुरता नक्की मोकळा होतो, काहींना शेवटची थोडी हालचाल कमी राहते.

काही गोष्टी असतील तर मात्र थांबू नका: ताप, कारण नसताना वजन उतरणं, काखेत किंवा स्तनात गाठ, पूर्वी झालेला कॅन्सर, हात एकाएकी लुळा पडणं किंवा दंडाचा स्नायू बारीक होत जाणं, संपूर्ण हात सुजणं, कुठल्याच स्थितीत न थांबणारी कळ. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे एकदम दुखायला लागले आणि सकाळी तासभर अंग आखडलेलं राहू लागलं, तर तो वेगळा आजार असू शकतो आणि त्याचे उपचारही वेगळे आहेत.

यातलं काही नसेल तर या आठवड्यात एचबीए१सी, थायरॉइड आणि ईसीजी करून रिपोर्ट व एक्स-रे घेऊन हाडांच्या डॉक्टरांकडे जा. तिथे तीन गोष्टी नक्की सांगा: रात्री किती वेळा जाग येते, कोपर अंगाशी ठेवून हात बाहेर वळतो का, आणि आतापर्यंत कोणत्या गोळ्या किती दिवस घेतल्या. सांध्यातल्या इंजेक्शनबद्दल तुम्ही स्वतःहून विचारा. दुखण्याचे हेच महिने त्यासाठी योग्य असतात.