जिनिंग सांभाळून क्वांटम शिकणाऱ्या भाऊला

भाऊ, हिंगणघाटात जिनिंग सांभाळून क्वांटम कॉम्प्युटिंग शिकतो म्हणतोस, बेस काम आहे. फक्त सध्या विकत काही घेऊ नको. कोणी ‘क्वांटम सॉफ्टवेअर’ घेऊन दारात आला तर एकच विचार: हेच गणित साध्या कॉम्प्युटरवर किती वेळात होते? पुष्कळ जण तिथेच गळतात.

नवा माणूस हमखास चुकतो तो इथे, की क्वांटम म्हणजे नुसता जास्त वेगवान कॉम्प्युटर. तसे नाही. फायदा मोजक्याच गणितांत आहे: रेणूंचा अभ्यास, म्हणजे खते, औषधे, बॅटरी, आणि मोठ्या संख्यांचे अवयव पाडणे. कापसाच्या गाड्या कोणत्या गावाहून कशा फिरवायच्या, हे उदाहरण सगळेच दाखवतात. पण तुझ्या दहा-वीस गाड्यांना लॅपटॉपवरचे फुकट सॉफ्टवेअर पुरते. रुई-सरकीचा हिशेब तर एक्सेलमध्येच राहू दे.

खरी अडचण चुकांची. जराशी उष्णता लागली की क्युबिट, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरमधला माहितीचा सगळ्यात लहान घटक, बिघडतो, म्हणून बरीच यंत्रे उणे २७३ अंशांच्या जवळ ठेवतात. (आपल्याकडे मे महिन्यात कूलरही हात टेकतो.) गूगलच्या २०२४ च्या विलो चिपमध्ये १०५ क्युबिट आहेत, धंद्याच्या मोठ्या कामांना त्याच्या कितीतरी पट लागतील.

आता एवढेच कर:

- मॅट्रिक्स आणि संभाव्यता पक्की कर. हे टाळून पुढे पळणारे महिन्याभरात सोडतात.
- पायथन, मग किस्किट (आयबीएमचे क्वांटम प्रोग्राम लिहायचे फुकट सॉफ्टवेअर). आयबीएमची यंत्रे २०१६ पासून इंटरनेटवरून वापरता येतात.
- हिशेबाचे सॉफ्टवेअर देणाऱ्याला विचार, २०२४ ची नवी क्वांटमरोधक कूटमानके, म्हणजे क्वांटम कॉम्प्युटरलाही फोडता येऊ नये अशा बेताने माहिती गुप्त ठेवायच्या पद्धती, कधी आणणार?

एरर करेक्शनच्या, म्हणजे क्युबिटच्या चुका दुरुस्त करण्याच्या, पुस्तकाला इतक्यात हात लावू नको.