'वादग्रस्त' की 'व्याप्त'?

अमळनेरच्या एका वाचकांचा प्रश्न आहे. क्रिमिया (रशियाने ताब्यात घेतलेला युक्रेनचा भाग) किंवा पश्चिम किनाऱ्यावरच्या (इस्राएलच्या ताब्यातली जॉर्डन नदीकाठची 'वेस्ट बँक') मानवी हक्कांबद्दल संयुक्त राष्ट्रांत ठराव झाला की एक वृत्तपत्र 'वादग्रस्त प्रदेश' छापतं, दुसरं 'व्याप्त प्रदेश'. दोन्ही एकच का? शिवाय ठराव 'पारित' होतो की 'संमत'?

एकच नाहीत. 'वादग्रस्त' म्हटलं की दावे दोघांचे आहेत एवढंच कळतं; तिथे आज बसलंय कोण, ते कळत नाही. 'व्याप्त'मध्ये बसलेलाही येतो आणि तो तिथला धनी नाही हेही येतं. आपल्या खानदेशात शेजाऱ्याने बांध कोरत कोरत चार तासं आत घातली, तर ज्याचं गेलं तो 'त्यानी मनं वावर दाबी लिधं' असं सरळ सांगतो. 'वावर वादात आहे' ही भाषा बहुधा दाबणाऱ्याची असते.

पश्चिम किनाऱ्याबाबत इस्राएलचा आग्रह 'वादग्रस्त'चाच आहे. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने मात्र ९ जुलै २००४च्या सल्लागार मतात तो भाग व्याप्त मानला. एका विशेषणासाठी एवढा आटापिटा का, तर त्याच्या मागोमाग कायदा येतो. युद्धाविषयीच्या १९०७च्या हेग नियमांनुसार प्रदेश शत्रुसैन्याच्या प्रत्यक्ष अमलाखाली गेला की तो व्याप्त. मग तिथले चालू कायदे शक्यतो पाळणं ताबा घेणाऱ्याला भाग पडतं. १९४९च्या चौथ्या जिनिव्हा करारानुसार स्वतःची माणसं तिथे नेऊन वसवता येत नाहीत. नुसत्या 'वादग्रस्त'ने यातलं काहीच लागू होत नाही.

क्रिमियाच्या ठरावांत 'व्याप्त' हा शब्द नंतर शिरला. २७ मार्च २०१४चा संयुक्त राष्ट्रांच्या महासभेचा ठराव युक्रेनच्या प्रादेशिक अखंडतेचा होता. १०० मतं बाजूने, ११ विरोधात, ५८ तटस्थ. त्यात हा शब्द नाही. १९ डिसेंबर २०१६चा ठराव खास तिथल्या मानवी हक्कांवरचा, क्रिमियन तातार या तिथल्या मूळ समाजावरच्या अन्यायाचा उल्लेख करणारा, आणि त्यात 'तात्पुरता कब्जा' (इंग्रजीत 'ऑक्युपेशन') निषेधासह आला. बाजूची मतं ७०वर उतरली, विरोध २६, तटस्थ ७७. पहिल्या वेळी तटस्थ राहिलेल्या भारताने या वेळी विरोधात मत दिलं.

मराठीची खरी पंचाईत सुरक्षा परिषदेच्या २२ नोव्हेंबर १९६७च्या २४२ क्रमांकाच्या ठरावात होते. इस्राएलने व्याप्त प्रदेशांतून सैन्य मागे घ्यावं, असं त्यात आहे. इंग्रजी मसुद्यात 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही, म्हणून सगळे प्रदेश की काही, यावर आजवर वाद चालू आहे. फ्रेंच मसुद्यात मात्र 'दे' आहे, आणि त्याचा अर्थ 'त्या सगळ्या' असाही लागतो. मराठीत असं उपपद नाहीच. 'व्याप्त प्रदेशांतून' एवढंच लिहावं आणि थांबावं. पदरचं 'सर्व' घातलं की भाषांतरकाराने निवाडा देऊन टाकला.

'व्याप्त'वर एक आक्षेप मलाही पटतो. 'दुःखाने व्याप्त' म्हणतो तेव्हा त्यात जबरदस्ती नसते. 'पाकव्याप्त काश्मीर' रुळल्यामुळेच आपल्या कानाला ती ऐकू येते. म्हणून एकटं वापरायचं तर 'लष्करी ताब्यातला प्रदेश' मला जास्त स्पष्ट वाटतं. पण 'ऑक्युपंट' कोशात पाहून कुणी 'भोगवटादार' लिहू नये. सातबाऱ्यावरचा भोगवटादार हा कायद्याने धरणारा आहे, त्याला कब्जेखोर म्हटलं तर तलाठी हसेल.

ठरावाचं म्हणाल, तर 'पारित' विधिमंडळाच्या कामकाजातून रुळलाय, चूक नाही. मी 'संमत' लिहितो. मात्र 'संमत'च्या पुढे 'बंधनकारक' आपोआप लावू नका. महासभेचे असे ठराव शिफारशी असतात; सुरक्षा परिषदेचे निर्णय मात्र सनदेच्या २५व्या कलमाने सदस्यांवर बंधनकारक ठरतात. बातमीत ठराव कुठल्या सभागृहाचा, हे लिहिलं तरी वाचकाचं निम्मं काम होतं.