मॅक्सवेलची चार समीकरणे नेमकी कोणाची?

प्रश्न : भौतिकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत मॅक्सवेल यांची चार समीकरणे दिलेली असतात, पण त्यांच्या मूळ निबंधात वीस समीकरणे होती, असे अलीकडे वाचनात आले. मग ही चार समीकरणे कोणी लिहिली आणि त्यांना मॅक्सवेल यांचे नाव देणे योग्य आहे का? शिवाय सिद्धांत १८६५ साली तयार होता, तर विद्युतचुंबकीय लहरींचा प्रत्यक्ष पुरावा मिळायला १८८८ साल का उजाडले?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : आपण वाचलेली माहिती खरी आहे. जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांचा विद्युतचुंबकीय क्षेत्राच्या गतिकीय सिद्धांतावरील निबंध डिसेंबर १८६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे वाचला गेला आणि १८६५ साली प्रसिद्ध झाला. त्यात वीस राशी आणि त्यांना जोडणारी वीस समीकरणे आहेत. मात्र सदिशांची आजची लेखनपद्धती तेव्हा रूढ नसल्यामुळे दिशा असलेली प्रत्येक राशी तीन अक्षांवरील घटकांत फोडून लिहावी लागे, आणि म्हणून मॅक्सवेल यांचे सहा संबंध अठरा ओळींत पसरले. उरलेले दोन एकेका ओळीत मावले. म्हणजे आजच्या पद्धतीने मोजल्यास ती आठच समीकरणे भरतात, आणि त्यांत ओहमचा नियम व विद्युतप्रभाराच्या अक्षय्यतेचे समीकरणही आहे, जी दोन्ही आपण आज या चौघांत धरत नाही.

मांडणीतला फरक याहून महत्त्वाचा आहे. आजची चार समीकरणे थेट विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांच्याविषयी बोलतात, तर मॅक्सवेल यांच्या मांडणीच्या केंद्रस्थानी सदिश विभव (ज्याच्यापासून क्षेत्रे काढता येतात अशी एक गणिती राशी) होता आणि फॅरडे यांचा प्रवर्तनाचा नियम, म्हणजे बदलत्या चुंबकत्वापासून वीज निर्माण होते हा नियम, त्याच्यामार्फत येत असे. आजची मांडणी मुख्यतः ऑलिव्हर हेविसाइड यांची. सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, काही वर्षे तारायंत्राची नोकरी केलेला आणि ऐकू कमी येणारा हा माणूस मॅक्सवेल यांचा १८७३ सालचा ग्रंथ स्वतःच्या बळावर शिकला. तारेतून संदेश जाताना ऊर्जा तारेभोवतीच्या अवकाशातून कशी वाहते, हे त्यांना समजून घ्यायचे होते आणि त्या कामात विभव अडथळाच करतात, असे त्यांचे ठाम मत झाले. म्हणून १८८४-८५ च्या सुमारास ‘दि इलेक्ट्रिशियन’ या व्यावसायिक साप्ताहिकातील लेखांत त्यांनी विभव बाजूला सारून संपूर्ण सिद्धांत सदिशांच्या भाषेत नव्याने लिहिला. जर्मनीत हाइनरिख हर्ट्झ १८९० मध्ये तशाच मांडणीपर्यंत पोहोचले आणि हेविसाइड यांनी ती आधी केल्याचे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. आपल्या पाठ्यपुस्तकांत हेविसाइड यांचे नावही सहसा येत नाही, ही मला मोठी उणीव वाटते.

तरीही समीकरणांना मॅक्सवेल यांचेच नाव असणे योग्य आहे. १८२० मध्ये कोपनहेगनच्या अर्स्टेड यांनी विद्युतप्रवाहामुळे चुंबकसूची वळते हे दाखवले, त्याच वर्षी पॅरिसमध्ये अँपिअर यांनी दोन प्रवाहांमधील बलाचा अभ्यास सुरू केला, आणि १८३१ मध्ये फॅरडे यांनी बदलत्या चुंबकत्वापासून विद्युतप्रवाह मिळवला. गणिताचे शिक्षण नसलेल्या फॅरडे यांनी बलरेषांची कल्पना मांडली आणि मॅक्सवेल यांनी ती गांभीर्याने घेऊन तिला गणिती रूप दिले. त्यापलीकडे जाऊन १८६१-६२ च्या निबंधमालेत त्यांनी विस्थापन धारा आणली, म्हणजे बदलते विद्युत क्षेत्रही विद्युतप्रवाहाप्रमाणे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते ही कल्पना. धारित्राच्या (विद्युतप्रभार साठवणाऱ्या साधनाच्या) दोन पट्ट्यांमधील रिकाम्या जागेत प्रवाह व चुंबकीय क्षेत्र यांना जोडणारा अँपिअर यांचा नियम अपुरा पडतो म्हणून ही धारा कल्पिली, असे आपण वर्गात शिकतो. शिकवायला ही रीत उत्तम आहे, पण मॅक्सवेल यांचा मार्ग तो नव्हता. त्यांनी अवकाश सूक्ष्म भोवऱ्यांनी भरलेल्या माध्यमाचे बनले आहे असे मानले आणि ते माध्यम लवचीक असले तर काय होईल याचा विचार करता करता ते तिथे पोहोचले. अशा माध्यमातून जाणाऱ्या लहरीचा वेग किती? जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वेबर आणि कोलराउश यांनी १८५६ मध्ये केवळ विद्युत मापनांतून काढलेल्या, विद्युतप्रभाराच्या दोन एककांमधील गुणोत्तरावरून तो सेकंदाला सुमारे ३,१०,७४० किलोमीटर येत होता, तर फिझो यांनी १८४९ मध्ये मोजलेला प्रकाशाचा वेग सुमारे ३,१५,००० किलोमीटर होता. प्रकाशाशी काहीही संबंध नसलेल्या उपकरणांतून प्रकाशाचा वेग निघावा, याचा अर्थ मॅक्सवेल यांनी ओळखला. भोवऱ्यांचे माध्यम पुढे कोणालाच लागले नाही. विस्थापन धारा मात्र राहिली, आणि तिच्यावाचून ही चार समीकरणे लहरींपर्यंत पोहोचत नाहीत.

आता विलंबाविषयी. जर्मनीत वेबर यांचा १८४६ चा नियम प्रतिष्ठित होता. त्यानुसार विद्युतप्रभार एकमेकांवर दुरूनच बल लावतात, मधल्या अवकाशाला काही काम नसते, आणि तोवर माहीत असलेल्या प्रयोगांचे स्पष्टीकरण त्यातूनही मिळत असे. त्यामुळे मॅक्सवेल यांचा अवघड ग्रंथ स्वीकारण्याची निकड अनेकांना वाटली नाही. शिवाय मॅक्सवेल यांचे लक्ष प्रकाशावर होते. प्रयोगशाळेत विजेच्या साहाय्याने अशा लहरी निर्माण कराव्यात, असे त्यांनी कोठेही सुचवले नाही, आणि १८७९ मध्ये वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते निवर्तले. धारित्राच्या विसर्जनातून काही मीटर लांबीच्या लहरी मिळू शकतील, हे डब्लिनच्या फिट्झजेराल्ड यांनी १८८३ मध्ये दाखवून दिले. पण इतक्या आखूड लहरींसाठी सेकंदाला कोट्यवधी आंदोलने लागतात आणि ती टिपायची कशी, हे त्यांच्यापाशी नव्हते.

ती अडचण हर्ट्झ यांनी सोडवली. १८७९ मध्ये बर्लिनला गुरू हेल्महोल्ट्झ यांनी याच विषयाशी निगडित प्रश्न त्यांना सुचवला होता, पण तेव्हाच्या साधनांनी परिणाम दिसण्याजोगा येणार नाही असे पाहून त्यांनी तो सोडून दिला. पुढे १८८६ मध्ये कार्ल्सरूह येथे एका मंडलात ठिणगी पडली की जवळच्या, न जोडलेल्या मंडलातही बारीक ठिणग्या उडतात, हे त्यांच्या ध्यानात आले. शोधक म्हणून त्यांनी बारीक फट ठेवलेले तारेचे कडे वापरले. भिंतीवर जस्ताचा मोठा पत्रा लावून त्यांनी लहर परतवली आणि कडे खोलीभर फिरवत ठिणगी कुठे जोरदार होते व कुठे विझते, हे अंधारात पाहून लहरीची लांबी मोजली. नंतर सुमारे ६६ सेंटीमीटर लांबीच्या लहरी वापरून, जस्ताचे अन्वस्त आरसे आणि पाचशे किलोहून जड डांबरी लोलक यांच्या साहाय्याने त्यांनी प्रकाशासारखेच परावर्तन आणि अपवर्तन दाखवले. लहरी याहून आखूड करण्याचे काम पुढे कलकत्त्यात झाले : प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या लहरींवर प्रयोग केले, आणि त्यामुळे हर्ट्झ यांना जड लोलकाने करावे लागलेले प्रयोग टेबलावर मावतील एवढ्या उपकरणांनी करता येऊ लागले.