आईचं पहिलं पुस्तक

‘अकरा-बारा वर्षांची असताना एका पुस्तकानं मला वाचनाचं वेड लावलं, ते आजतागायत टिकलंय. तेच पुस्तक मुलाला आणून दिलं, तर चार पानांत मिटून ठेवलं त्यानं. याला गोडी लावू तरी कशी?’ थोड्याफार फरकानं हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. ज्यांच्याकडून यंदा आला, त्या आईंची हकीकत सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

आईंनी सगळं करून पाहिलं होतं. रोज वीस पानं वाचली तरच मोबाइल, पुस्तक संपवलं तर बक्षीस, आणि संपल्यावर ‘सांग बरं, काय कळलं?’ ही तोंडी परीक्षा. मुलगा वीस पानं मोजून वाचायचा आणि एकविसाव्या पानाकडे ढुंकूनही पाहायचा नाही.

माझं पहिलं काम गोडीचं नव्हतंच. मुलाला वाचता नीट येतंय ना, हे आधी पाहायचं होतं. मी त्याला एक उतारा मोठ्यानं वाचायला दिला, तेवढ्याच अवघडपणाचा दुसरा मी वाचून दाखवला, आणि दोन्हींवर प्रश्न विचारले. ऐकलेलं छान समजतं पण वाचलेलं समजत नाही, अक्षरं जुळवतानाच मूल दमतं, असं दिसलं तर तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द वाचताना येणारी अडचण) असलेल्या कितीतरी मुलांवर आळशीपणाचा शिक्का बसतो, म्हणून ही पायरी मी कधी गाळत नाही. हा मुलगा मात्र सराईतपणे वाचत होता. अडचण वाचण्याची नव्हती.

मग मी आईंना विचारलं, ‘तुमचं ते पुस्तक तुमच्यापर्यंत आलं कसं?’

त्या खुलल्या. मोठी मावसबहीण सुट्टीत वाचत होती. ‘तुला नाही कळायचं’ म्हणून हातही लावू देत नव्हती. ती दुपारी झोपली की ह्या ते पळवायच्या आणि ती उठायच्या आत जागेवर ठेवायच्या. घरात कुणाला पत्ताच नव्हता, त्यामुळे ‘काय कळलं’ असं कुणी विचारलंही नाही. ‘मधली वर्णनं तर मी सरळ उडवायचे,’ म्हणाल्या आणि स्वतःशीच हसल्या.

यातलं काय मुलाच्या वाट्याला आलं होतं? पुस्तक तेवढं आलं होतं. चोरून वाचण्याची मजा, पानं उडवण्याची मुभा, कुणी न विचारणं, हे सगळं मागेच राहिलं होतं.

बक्षिसाबद्दल त्यांना एक जुना प्रयोग सांगितला. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी तो 1973 मध्ये प्रसिद्ध केला. चित्रं काढायला मुळातच आवडणाऱ्या बालवाडीतल्या काही मुलांना आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत याच मुलांनी चित्रांना दिलेला वेळ इतर मुलांच्या जवळपास निम्मा होता. ज्यांना प्रशस्तिपत्र न सांगता, नंतर अचानक मिळालं, त्यांची आवड मात्र शाबूत राहिली. म्हणजे घात बक्षिसानं केला नाही, ‘अमुक केलंस तर तमुक’ या सौद्यानं केला. वाचनाच्या बदल्यात मोबाइल देताना आपण मुलाला हेच शिकवतो की मोबाइल ही चैन आणि पुस्तक ही तिची किंमत. (मोबाइलच्या वेळेवर मर्यादा जरूर असावी, पण ती पुस्तकाशी बांधू नये.)

मुलाशी एकट्यानं बोलले तेव्हा तो पत्त्यांच्या जादूबद्दल भरभरून बोलला. व्हिडिओत हात इतके झरझर चालतात की नेमकी मेख कळत नाही, ही त्याची तक्रार. जादू शिकवणारी पुस्तकं असतात, पायरीपायरीनं, आकृत्यांसकट, हे त्याला ठाऊकच नव्हतं. मी आईंना तसं एक पुस्तक आणायला सांगितलं, पण त्याच्या हातात द्यायचं नाही. घरात कुठेतरी पडू द्यायचं, आणि तोंडी परीक्षा बंद. हा शेवटचा भाग त्यांना सर्वांत जड गेला!

पुढच्या भेटीत मुलानं माझ्यासमोर पत्ता गायब केला. आई म्हणाल्या, ‘एकेक परिच्छेद तीनतीनदा वाचतो, पण हे काही खरं वाचन नव्हे. गोष्टीची पुस्तकं कधी वाचणार?’

माझ्या मते हे खरंच वाचन आहे, आणि इतकं बारकाईनं आपण मोठेही क्वचित वाचतो. गोष्टींकडे तो वळेल की नाही, याची हमी मी दिली नाही. काही माणसं आयुष्यभर माहितीपर पुस्तकंच आवडीनं वाचतात. गोष्ट द्यायचीच असेल तर रात्री स्वतः वाचून दाखवा, असं सुचवलं. अकरा वर्षांचं मूल त्यासाठी मोठं नसतं, आणि या वयात पुष्कळ मुलांना स्वतः वाचून कळतं त्याहून अवघड ऐकून कळतं. पुस्तक कोणतं ते त्यानं निवडायचं, कंटाळला तर अर्ध्यावर सोडायचं. आईंनी लगेच विचारलं, ‘माझंच पुस्तक घेतलं तर?’ म्हटलं, घ्या की, फक्त ती मधली वर्णनं तुम्हीही उडवत होता, हे त्याला आधी सांगा.